भवानीचं तिकीट

जयंतीनं काउंटरवरचा तिकिटांचा खोका पुन्हा एकदा सरळ केला. साडेअकरा वाजले तरी भवानी झाली नव्हती. बाहेर उणे तीस. कॅनडातल्या या रेजिना शहरातलं कुत्रंसुद्धा आज घराबाहेर पडलं नसतं. हा बिंगोचा, म्हणजे हाउजीच्या खेळाचा हॉल एका वृद्धाश्रमाच्या मदतीसाठी चाले, आणि तिकिटं खपली नाहीत की शिफ्ट कमी होत. आठ महिन्यांपूर्वी नवऱ्याची, दिलीपची नोकरी गेल्यापासून घरात येणारा पगार तेवढा तिचा एकच होता.

इतक्यात दिलीपच आत आला. ती घरी विसरलेला चष्मा त्यानं काउंटरवर ठेवला.

"अहो, एक तिकीट घ्या ना. भवानी करा, म्हणजे गिऱ्हाईक येईल."

"माझ्या हातानं? माझा हात किती गुणाचा, बघतेयस ना."

तरी त्यानं दोन डॉलर काढले. कामावरच्या माणसानं तिकीट घ्यायचं नाही, त्याच्या घरच्यांनीही नाही, हा नियम जयंतीनं सही करून मान्य केला होता. पण दोन डॉलरचं तिकीट, त्याला लागतंय काय!

दिलीपनं तिकिटाची पट्टी सोलली. खाली एका ओळीत तीन घंटांची चित्रं, म्हणजे बक्षीस. पाचशे डॉलर.

तो हसला, अगदी दात दाखवून. हे हसू जयंती पार विसरून गेली होती. तिचे डोळेच भरून आले. आणि मग तिला नियम आठवला. एवढ्या बक्षिसाला सुपरवायझरची सही लागे.

"फाडून टाका ते," ती हळूच म्हणाली. "घरच्यांना चालत नाही. माझी नोकरी जाईल हो."

त्यानं मूठ मिटली. तोवर सुपरवायझर लिन येऊन उभी राहिली होती. दोघं आपल्या भाषेत बोलताना तिनं ऐकलं होतं.

"विनर? लकी यू! जे, डू यू नो हिम?" जयंतीला ती 'जे' म्हणे.

जयंतीनं तोंड उघडलं. खरं सांगून टाकावं, आपणहून सांगितलं तर तिकीट बाद होईल, फार तर बोलणी खावी लागतील.

"नो, नो," दिलीप म्हणाला. "वी जस्ट स्पीक द सेम लँग्वेज."

तो अडखळला नाही. नोकरी वाचवायला म्हणाला की पैशांसाठी, हे जयंतीला कळेना, आणि तो तिच्याकडे बघेना.

लिननं लायसन्स मागितलं. त्यावर पत्ता अजून विकलेल्या घराचाच होता, आणि जयंतीचं आडनाव माहेरचं. कुठंच काही जुळत नव्हतं. लिननं सही केली. जयंतीनं नोटा त्याच्या हातावर ठेवल्या. जिंकणाऱ्याचं अभिनंदन करायचं, हाही कामाचाच भाग होता.

"काँग्रॅच्युलेशन्स, सर."

"थँक यू, मॅम."

दारापर्यंत तो ताठ चालत गेला. एकदा तरी वळेल म्हणून जयंती बघत राहिली. तो वळला नाही.

"नाइस मॅन," लिन म्हणाली. "हिज वाइफ विल बी सो हॅपी."

"येस," जयंती म्हणाली. "शी विल बी."