दहाव्याला वाचलेली यादी

माझा थोरला भाऊ तुळशीराम, आमचा दादा, एकोणतीस साली अलिबागच्या हायस्कुलातून मॅट्रिक झाला आणि त्याच्या डोक्यात विद्यापीठांचं खूळ शिरलं. सरळ मुंबईला जावं, तर ते नाही. वाचनालयातल्या कुठल्याशा जाड पुस्तकातून त्यानं हिंदुस्थानातल्या सतरा विद्यापीठांची नावं इंग्रजीत उतरवून आणली आणि सतराही ठिकाणी माहितीपत्रकासाठी कार्डं टाकली. चौलच्या आमच्या सुपारीच्या वाडीतून त्याआधी माणगावापलीकडं कुणाचं पत्र गेलं नसेल.

यादी कमी करायला तो मला घेऊन बसे. मी पंधरा वर्षांची, मराठी सातवी झालेली. इंग्रजी त्यानंच शिकवलेलं. रंगून समुद्रापलीकडं, आई रडून जीव देईल, म्हणून काट. लाहोरला दोन्ही वेळा रोटी, काट. आग्र्याला मासळी मिळणार नाही, काट. पाटण्यावर का काट मारली ते आठवत नाही, बहुधा मी कंटाळले होते. ‘तू कुठं जाशील?’ असं मात्र त्यानं मला एकदाही विचारलं नाही. मला शिकायचं होतं, इतकं की त्याच्या नावाचं पाकीट आलं की माझ्या पोटात दुखे. मत्सरच तो, दुसरं नाव कशाला द्या.

मुंबई, बनारस आणि कलकत्ता एवढी तीन नावं उरली आणि दादा विषमज्वरानं आजारी पडला. एकविसाव्या दिवशी तो गेला.

दहाव्याला खाडीवर पिंड ठेवला. कावळा शिवला की गेलेला सुटला, नाही शिवला तर त्याची इच्छा राहिली, ती ओळखून कबूल करायची. आमच्याकडं बायका तिथं जात नाहीत, म्हणून मी घरीच होते. पिंड सकाळी ठेवला होता आणि ऊन डोक्यावर आलं तरी कावळे सुरूच्या झाडांवरून हलले नव्हते. बाबांनी सगळं कबूल केलं, आईला अंतर देणार नाही, कोकिळेचं, म्हणजे माझं, लग्न मानानं करीन. कावळ्यांना त्याचं काही नव्हतं. शेवटी भटजी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववायला निघाले. शास्त्रात ती सोय आहे. पण बाबा म्हणाले, गवताच्या कावळ्यावर त्याची आई विश्वास ठेवायची नाही.

तेव्हा बाबाजीकाका म्हणाले, पोराचा जीव त्या यादीत अडकलाय. त्याच्या धाकट्या भावाला, रतनला, तिकडंच धाडू असं कबूल करा. पण तिकडं म्हणजे कुठं? यादी इंग्रजीत, आणि तिथल्या कुणालाच इंग्रजी येत नव्हतं. मग रीत मोडून मला बोलावणं आलं.

मी यादी घेऊन पिंडाशेजारी उभी राहिले. बाबांनी खाडीच्या पाण्याला हात लावला. म्हणाले, “तुळशा, ज्या नावाला कावळा शिवंल, त्ये मी करीन. काय बी होऊ दे.”

मी मोठ्यानं वाचायला लागले. मुंबई. बनारस. कलकत्ता. प्रत्येक नावानंतर सगळे वर बघत. मग काट मारलेली वाचली. एक कावळा खाली उतरला, चार पावलं आला आणि परत उडाला. काकांनी डोळे पुसले.

लाहोर म्हणता म्हणता माझ्या ध्यानात आलं. वाऱ्यानं माझ्या हातातला कागद फडफडत होता. अंगणात सुपारी वाळत घातली की कावळे येऊ नयेत म्हणून आम्ही काठीला पांढरं फडकं बांधतो, तसाच. दादानं कुठलंही नाव मागितलं असतं, तरी त्या कागदासमोर कावळा आला नसता. हे तेव्हाच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. उरलेली सगळी नावं सावकाश वाचली, कागद हलता ठेवला, मग त्याची घडी करून कमरेला खोचली, दोन पावलं मागं सरले आणि म्हणाले, “दादा, मी शिकेन.”

कावळा आला. एक नाही, तीन आले.

बाबांनी शब्द दिला होता, तो फिरवणारे ते नव्हते. पण दादाच्या यादीत मॅट्रिक न झालेल्या मला घेईल असं एकही ठिकाण नव्हतं. शेवटी भटजींनीच पुण्यातल्या बायकांच्या विद्यापीठाचं नाव काढलं, आधी प्रवेशपरीक्षा द्यायची आणि मग पुढं. आईनं त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर भात खाल्ला. दादा सुटला, म्हणाली.

पण दादाचं टपाल येतच राहिलं. पोस्टमन बुधाजी दर आठवड्याला त्याच्या नावाचं पाकीट आणून देई. आई ते न फोडता फळीवर ठेवी आणि दुपारी घर निजलं की मला माजघरातून टाकाचा आवाज ऐकू येई. सर्रकन एक रेघ. थोडं थांबून दुसरी. मी उठून बघे, तर कुणी नसे. तो अजून यादी कमी करतोय, असं मला वाटे, आणि जे नाव तो शेवटी ठेवील, त्याला कावळा शिवायची संधीच मी दिली नव्हती. कागद यायच्या आधीही कावळा शिवला नव्हताच, असं मी स्वतःला सांगून बघितलं. उपयोग झाला नाही.

पुण्याला निघायच्या दिवशी बाबा मला रेवसच्या धक्क्यापर्यंत सोडायला आले. मुंबईची लाँच लागलेली होती, माणसं चढत होती. आता बोलले नाही तर जन्मभर बोलणार नाही, हे मला कळलं. मी सगळं सांगून टाकलं, कागद, वारा, घडी. मला परत घरी न्या, म्हटलं, त्याची इच्छा मी चोरली.

बाबांनी माझी वळकटी खाली ठेवली.

“कागद मला बी दिसत व्हता, बाय,” ते म्हणाले. “चाळीस वर्सं सुपारी वाळवतोय मी.”

“मग तुम्ही बोलला का नाही?”

“काय बोलू? मागं तुज्या आजोबाच्या टायमाला बी मी कबूल केलंतं, येक येक, सगळं, तरी कावळा शिवला न्हाई. मानसाला काय पायजे आसतं, त्ये मला तवाच कळलं. तुळशाला बनारस नको व्हतं न् कलकत्ता बी नको व्हतं. त्याला जगायचं व्हतं. त्ये मी कुठनं कबूल करू? म्हनून म्हनलं, जे देता येतंय त्ये तरी कुनाला तरी देऊ.”

मग त्यांनी वळकटी उचलून माझ्याआधी लाँचमध्ये ठेवली, आणि मी चढले.