गोड्या पाण्याचं पिंप

खांब उभा होता, पण अजून नुसता टेकूंच्या भरवशावर. कारखान्यातून तयार होऊन आलेल्या त्या खांबाच्या बुडाशी पोकळ नळ्या होत्या आणि पायाच्या सळ्या त्यांत शिरलेल्या. नळ्यांत खालून ग्राउट, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण, भरायचं, ते वरच्या भोकातून बाहेर येईतो पंप थांबवायचा नाही. मध्येच थांबला की आतलं घट्ट होतं आणि अख्खा खांब फोडून काढावा लागतो. कोलशेतच्या या पुलावर इंजिनिअर म्हणून निशाचा हा पहिलाच खांब.

ते कालवायला मिक्सरशेजारी गोड्या पाण्याचं एकच पिंप होतं. गावच्या सर्वेशचा टँकर तिने सकाळीच फाटकावरून परत पाठवला होता. ओंजळभर पाणी जिभेला लावून म्हणाली होती, "खारं आहे, दादा. सळ्या गंजतील."

"पूल आमचे मिठागरावर, नी पानी भायेरचा?" म्हणत तो गेला, तो टँकर, चार पोरं आणि लोखंडी पाइप घेऊनच परतला.

पहिला घाव पंपावरच्या मयूरच्या कोपरावर बसला. हाड मोडल्याचा आवाज पंपाच्या घरघरीतही ऐकू आला. मयूरने दुसऱ्या हाताने खटका धरून ठेवला. "मॅडम, मिक्सर थांबवू नका." पुढचा घाव डोक्यात. निशा मध्ये पडली, तर एकाने वेणीला धरून तिला ग्राउटच्या गोण्यांवर आपटलं. ओठ फाटला.

सर्वेशने खांबाला लावलेला पंपाचा होज हिसकावून काढला. दाबाखालचं ग्राउट सपकन त्याच्याच तोंडावर आलं. फुटत्या चुन्यासारखं ते डोळे खाऊ लागलं आणि तो मातीत लोळत गुरासारखा ओरडला.

पोरं टँकरकडे धावली.

"त्याचा नको रं," सर्वेश किंचाळला, "खाडीचा हाय तो. डोले जलतील."

पोरं थिजली. सगळ्यांच्या नजरा पिंपाकडे वळल्या.

"देऊ नका, मॅडम," मयूर तोंडात ओघळलेलं रक्त थुंकत म्हणाला. "होज लावतो मी. दोनच गोण्या कालवायच्या राहिल्यात. खांब जाईल."

निशाने प्लास्टिकचा मग पिंपात बुडवला. सर्वेशच्या छातीवर गुडघा रोवून, पापण्या बोटांनी फाकवून ती ओतत राहिली. "डोळे मिटलेस तर थोबाड फोडीन." मागे पंपाची घरघर जड होत गेली आणि बंद पडली.

पिंपाचा तळ लागला.

"दिसतंय?"

"तुजा तोंड दिसतंय. लाल हाय."

"तुझ्याच एका पोराने फोडलंय. त्याला गाडी काढायला सांग. आधी मयूर बसेल, मग तू."