अठ्ठेचाळीस आकडी किल्ली

लॅपटॉपने निळा पडदा पुढे करून अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागितली, तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. पाचच्या आत अनुवादकाला पंपांच्या एका माहितीपुस्तकाचं भाषांतर कंपनीला पाठवायचं होतं. एकशे चाळीस पानं, तीन आठवड्यांचं काम. ते पूर्ण झालं होतं आणि निळ्या पडद्यापलीकडे सुखरूप होतं.

पूर्ण झालं हीच खरं तर गडबड. सकाळी हात रिकामे होते, आणि रिकाम्या हातांना लिनक्स सुचलं. विंडोज राहू द्यायचं, शेजारी लिनक्सला जागा करून द्यायची, दोघांनी गुण्यागोविंदाने नांदायचं, असा बेत. इंटरनेटवरच्या एका चर्चेत कुणीतरी लिहिलं होतं की आधी सिक्युअर बूट नावाचा पहारा बंद करा. त्याने केला. मग लिनक्सने आत डोकावून पाहिलं, डिस्क कुलूपबंद आहे, जागा निघणार नाही, असं कळवलं आणि काढता पाय घेतला. निमूटपणे विंडोजकडे परतावं, तर विंडोज ओळख दाखवेना. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तो हाच.

त्या कुलपाची किल्ली अर्थातच होती. एका ईमेल खात्यात ती जपून ठेवलेली होती. ते खातं ज्या मोबाइल नंबरावर उघडायचं, तो नंबर त्याने दोन वर्षांपूर्वी सोडला होता.

मदत मागण्यात त्याने कसूर केली नाही. त्याच चर्चेत प्रश्न टाकला, हेल्पलाइनला फोन केला, कॉम्प्युटरच्या दुकानात काम करणाऱ्या जुन्या मित्रालाही गाठलं. तिघांनी एकच विचारलं, याआधी काय केलं होतं? आणि तिघांना त्याने एकच सांगितलं, काही नाही, नेहमीसारखा चालू केला. तिघांचा सल्लाही मग एकच निघाला. सगळं पुसून नव्याने सुरुवात करा. हेल्पलाइनवरच्या बाईंनी तो अधिक आदराने दिला, एवढाच फरक.

बायको टेबलाच्या दुसऱ्या बाजूला सहामाहीचे पेपर तपासत होती.

“बाबांना लाव,” ती मान वर न करता म्हणाली.

“बाबा लिफ्टवाले. त्यांना यातलं काय कळणार?”

“त्यांना बंद पडलेलं कळतं.”

सव्वाचार वाजता फोन तिनेच लावला आणि स्पीकरवर ठेवला.

“बोला, जावईबापू,” सासरे म्हणाले. “काय बंद पडलं?”

“लॅपटॉप. आपोआप.”

“आपोआप.” सासऱ्यांनी शब्द जरा चघळला. “पस्तीस वर्षं लिफ्टी दुरुस्त केल्या. मध्येच अडकलेली माणसं बाहेर काढली की पहिलं वाक्य ठरलेलं, आम्ही काही केलं नाही. एकाच्या तर हातात बटण होतं, उपटलेलं. म्हणाला, हे आधीपासून माझ्या हातात होतं. वेळ किती आहे तुमच्याकडे?”

“पाऊण तास.”

“मग खरं सांगायला पुरेल.”

अनुवादकाने बायकोकडे पाहिलं. तिचं लाल पेन थांबलं होतं.

“सकाळी दुसरी सिस्टीम टाकायला गेलो,” तो म्हणाला. “ती बसली नाही.”

“कशावरून टाकत होतात?”

“पेनड्राइव्हवरून.”

“कोरा होता?”

“नाही. त्यात एक प्रत होती.”

“कसली प्रत?” हे बायकोने विचारलं.

“पुस्तकाची.”

“याच पुस्तकाची?”

“बॅकअप म्हणून ठेवली होती. लिनक्ससाठी पुसावी लागली.”

लाल पेन पुन्हा चालू झालं. कुणा विद्यार्थ्याचे दोन गुण त्या क्षणी हकनाक गेले असावेत.

“ते तुम्ही दोघं नंतर बघा,” सासरे म्हणाले. “लॅपटॉपमध्ये काय हलवलंत?”

“एक पहारा असतो. तो बंद केला.”

“परत चालू केलात?”

“नाही.”

“का?”

“बंद केल्याने काही बिघडत नाही, असं लिहिलं होतं एकाने.”

“त्याला पाच वाजता काही पाठवायचं नसणार. हे बघा, लिफ्टच्या दाराचा स्विच कुणी सरकवला की लिफ्ट हलत नाही. तिला वाटतं दार उघडंय. आपण वायरी उकलत बसलो तर जन्म जाईल. जे हलवलं ते आधी जागेवर ठेवायचं. मग बाकीचं.”

अनुवादकाने लॅपटॉप बंद केला, पुन्हा चालू केला, सकाळचंच बटण सकाळसारखंच टकटकवून आतल्या सेटिंगच्या पाटीपर्यंत पोचला, पहारा चालू केला आणि बदल जपून ठेवला. पडदा काळा झाला. ठिपके गोल फिरले. मग, मध्ये काही घडलंच नव्हतं अशा थाटात, विंडोजने त्याचा नेहमीचा पासवर्ड विचारला.

फाइल जागेवर होती. चार पस्तीसला ती गेली. चार चाळीसला उत्तर आलं, मिळाली, सोमवारी बघतो.

“गेली, बाबा. आभारी आहे.”

“फोन ठेवू नका. आता आत आहात तोवर ती किल्ली शोधा. आतून दिसत असेलच कुठेतरी.”

सापडली. आठ गट, सहा-सहा आकडे.

“वाचा. मी लिहून घेतो.”

“मीच लिहून ठेवतो ना, बाबा.”

“तुमच्याकडे नको,” सासरे म्हणाले, आणि बायकोने टेबलापलीकडून मान डोलावली.

त्याने सावकाश, एकेक आकडा वाचला. सासऱ्यांच्या बाजूने पेन्सिलचा आवाज येत होता. अठ्ठेचाळिसावा आकडा संपला, तेव्हा त्याने सुस्कारा सोडला.

“तिसऱ्या गटात शेवटी सात की एक?”

“सात.”

“नक्की?”

“नक्की, बाबा.”

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

“परत वाचा,” सासरे म्हणाले. “पहिल्यापासून.”