केरबाच्या डिकीतली आई

शुक्रवारी चावडीपुढं पाय ठेवायला जागा उरत नसे. पोरं झाडावर, बाप्ये जोत्यावर, बायका ओट्या घेऊन अगदी पुढं आणि मधोमध झेंडूच्या माळांनी मढवलेली केरबाची काळी मोटार. केरबा बॉनेट उघडून दाखवायचा. बॅटरीची जागा रिकामी!

"नीट बगा!" तो गरजायचा. "मोटारीचा जीव बॅटरीत. ती मी तुमच्या डोळ्यांदेखत कृष्णामाईत सोडली. मग ही चालती कशावर? पेट्रोलवर? छ्या! पेट्रोल निसतं निवदाला. चालती आईच्या शक्तीवर!"

मग डोळे पांढरे, एक आरोळी, स्टार्टरवर पाय, की मोटार सुरू. दिवे लागत, भोंगा वाजे आणि बायका डिकीला हळदीकुंकू वाहत. डिकीला भलंमोठं कुलूप होतं. तो आईचा गाभारा. आत बघेल त्याचे डोळे जातील, असं केरबानं बजावलं होतं. आतून नाकाला झोंबणारा आंबट वास येई. लोक त्यालाही धूप म्हणत.

गर्दीच्या मागं, स्वतःच्या रिकाम्या मोटारीला टेकून, लालासाहेब हे बघत असे आणि जळत असे. खोटं कशाला सांगायचं? लढाईभर लष्कराच्या गाड्या दुरुस्त करून आलेला हा गडी. परत आल्यावर त्यानं सांगलीला उतारू न्यायची फेरी धरली. केरबा त्याचाच क्लीनर. पाना कसा धरायचा तेही यानंच शिकवलं. आणि आता लोक म्हणत, "देवाची गाडी असताना मानसाच्या गाडीत कोण बसतंय?" केरबाच्या गळ्यातला हार आठवला की लालासाहेबाला घास गोड लागत नसे. ही लबाडी आहे याचा राग होताच. ती आपल्याला आधी का सुचली नाही, याचाही होता.

एकदा त्यानं चावडीवर सांगून बघितलं, "दुसरी बॅटरी डिकीत असणार. उघडाय लावा की!"

"तुज्या पोटात दुखतंय, लालू," म्हणून चावडी खदखदून हसली. खरंच दुखत होतं, म्हणून तो तिथून निघून आला.

पण खरा घाव घरात बसला. बनुबाईला, त्याच्या बायकोला, मूल नव्हतं. केरबाच्या मोटारीत मागं बसून गावाला फेरी घातली की कूस उजवते, असं तिच्या मनात कुणीतरी भरवलं. तिनं नवा खण गाभाऱ्यात ठेवायला दिला होता. परत आला, धुतला, तर त्याची चाळण झाली.

"आवं, ह्ये बगा. आईनं माजा दोष जाळला म्हणं. शुक्रवारी फेरीला बसणार हाय मी."

"त्याच्या गाडीत? माजी दारात उभी असताना?"

"तुमच्या गाडीत आई हाय का?"

लालासाहेबाच्या अंगाचा तिळपापड झाला. खण भिरकावायला त्यानं हात उचलला आणि भोकांवर नजर पडली. लष्करात त्याच्या चड्ड्यांना अशीच भोकं पडत. बॅटरीचं ॲसिड! म्हणजे डिकीत ती न बांधता, हिंदकळती ठेवलेली. तिथून पुढं जाणारी वायर मागच्या सीटखालून, पेट्रोलच्या टाकीवरून जाणार. पत्र्याच्या भोकात रबर बसवायचा केरबाला पहिल्यापासून कंटाळा. वायर घासली, ठिणगी पडली, तर वर बनू बसलेली! आता त्याला जळायला सवड नव्हती. त्याला भीती वाटली.

शुक्रवारी बनुबाई मागच्या सीटवर बसली तसा तो गर्दी फोडून पुढं गेला.

"बनू, खाली उतर!"

"जळतोय मेला!" कुणीतरी ओरडलं.

"व्हय, जळतोय! रोज जळतोय! माजं खरं मानूच नका. डिकी उघडा आन् आपल्या डोळ्यांनी बगा!"

"डोळं जातील!" असं म्हणून केरबानं घाईघाईनं स्टार्टर दाबला.

सीटखाली तडतड झाली, धूर निघाला. लालासाहेबानं बनूला ओढून बाहेर काढलं आणि गाडी फिरवायच्या हँडलनं कुलूप तोडलं. आत कुंकवानं माखलेली बॅटरी कलंडलेली होती. पत्र्याच्या कडेला वायर उघडी पडून लाल झाली होती. त्यानं फडक्यानं ती हिसका देऊन बॅटरीपासून तोडली. धूर थांबला. डोळे कुणाचेच गेले नाहीत.

"बॅटरी निसती पूजेला ठिवलीया!" केरबा ओरडला.

"मग वायर अशीच ऱ्हाऊ दे. चालव."

केरबानं आरोळ्या ठोकल्या, पाय आपटले. मोटार ढिम्म. "आई कोपली," तो म्हणाला आणि अर्ध्या गर्दीनं हात जोडले! लालासाहेबानं कपाळावर हात मारला.

पुढच्या शुक्रवारी त्यानं आपली मोटार चावडीपुढं आणली. बॉनेट उघडलं. बॅटरीची जागा रिकामी. स्टार्टर दाबला. मोटार सुरू!

गावातली सगळ्यात म्हातारी राहीबाई नारळ घेऊन पुढं आली. "लालासाब, आई केरबाला सोडून तुज्याकडं आली व्हय रं?"

कुणाच्या तरी हातात हार होता. इतके दिवस ज्यासाठी तो जळत होता ते सगळं समोर उभं होतं. नुसती मान हलवायची होती. त्याला मोह झाला, चांगलाच झाला. बनुबाई त्याच्याकडं बघत होती.

त्यानं मोटार बंद केली, राहीबाईचा हात धरून तिला मागं नेलं आणि डिकी उघडली. तिला कुलूपच नव्हतं.

"ही बॅटरी. लाकडी पेटीत, पट्ट्यानं आवळलीया, हलायची न्हाई. हिचा वायू भडकतो, म्हणून त्यो भाईर जायाला ही नळी. वायर चांगली जाड, पत्र्यातनं जाती तिथं रबर, आन् टाकीपासनं लांब. आन् ही वीज तोडायची कळ. म्हातारे, उचल ती."

राहीबाईनं कळ उचलली.

"बनू, माज्या जागंवर बस आन् दाब स्टार्टर."

मोटार गप्प.

"म्हातारे, आता कळ खाली कर."

बनुबाईनं पुन्हा पाय दाबला. मोटार धडधडू लागली.

"आगं बया!" राहीबाई म्हणाली. "म्हंजी मीच चालू केली?"

"तूच. आन् तुज्यात काय देव आलेला न्हाई." लोक हसले. लालासाहेब हसला नाही. "गड्यांनो, सांगणारा जळका हाय का भगत हाय, ते बगू नका. उद्या मी म्हणालो माज्या अंगात आलंय, तरी आधी डिकी उघडा. वायर सोडा, पुन्हा जोडा, काय हुतंय ते बगा. जो उघडू देत न्हाई, त्याच्या गाडीत आपली मानसं बसवू नका."

हार घेतलेला माणूस मुकाट मागं सरला. लालासाहेबाला जरा वाईट वाटलंच.

बनुबाई ड्रायव्हरशेजारच्या सीटवर सरकली. "आवं, सांगलीत बायकांची डाक्टरीण हाय म्हणं. तिला इचारू या. माज्यात काय दोष हाय का, त्ये तपासून घ्यावं."

"एकटीनं कशाला?" तो स्टिअरिंगवर बसत म्हणाला. "दोघं बी तपासून घेऊ."