कारंज्यातला अज्ञात इसम

थाप मारायला काही लागत नाही. ती निभवायला मात्र जन्म जातो. आमच्या घड्याळजींनी आयुष्यात एकच थाप मारली, पण मारली ती भक्कम. शहरातलं पहिलं कारंजं सुरू झालं त्या दिवशी म्हणे प्रमुख पाहुण्यांचं घड्याळ बंद पडलं, आणि यांनी, तेव्हाच्या मिसरूड फुटलेल्या पोराने, ते तिथल्या तिथे चालू करून दिलं. ही गोष्ट व्याह्यांना ऐकवून झाली, जावयांना ऐकवून झाली, दारात आलेल्या गॅसवाल्यालाही त्यांनी सोडलं नाही. त्यांची बायको निवृत्त नर्स, मोठी करारी बाई. पण ही गोष्ट निघाली की तिचा चेहरा फुलायचा. "पाहुण्यांनी पाठ थोपटली, तेही सांगा ना," असं वर म्हणायची.

घड्याळांचं दुकान मुलाकडे गेल्यावर दोघांना एक नवा नाद लागला. संग्रहालयाने शहराचे जुने फोटो इंटरनेटवर टाकले होते. फोटोत कोण आहे, काय करतंय, ते लोकांनी घरबसल्या लिहायचं. बिदागी काही नाही, नुसती हौस. एकच फोटो लिहिणाऱ्यांपैकी कुणाही दोघांकडे वेगवेगळा जायचा, आणि त्यांचं जुळलं नाही तर निकालासाठी पंचाकडे. नर्सबाई तिथेही पंच झाल्या होत्या, वेगळं सांगायला नकोच. घड्याळजी 'टिकटिक' या नावाने लिहायचे, डोळ्याला भिंग लावून.

एका सकाळी पडद्यावर ते कारंजं आलं. घड्याळजींना चहाचा ठसका लागला. पाहुणे, फीत, बँड, सगळं होतं. आणि मधोमध, पाण्यात, रांगत असलेला एक तरुण! शर्ट अंगाला चिकटलेला, केसांतून धारा. तो कोण, हे का सांगायला हवं?

"मेलो," ते पुटपुटले. फोटो सोडून द्यावा, तर दुसऱ्या कुणाच्या हाती पडणार. मग त्यांनी लिहिलं, 'पाण्यात अज्ञात इसम. बहुधा कारंज्याची दुरुस्ती करताना.' वा रे पठ्ठे! पण फोटोच्या कोपऱ्यातल्या एका चेहऱ्यापुढची नावाची चौकट अजून रिकामी होती. तिथे दोन वेण्यांची एक मुलगी तोंडावर हात दाबून, हसून हसून वाकली होती. इथेही 'अज्ञात' लिहिलं असतं तर काय बिघडणार होतं? पण तिला अज्ञात म्हणणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी तिचं नाव लिहिलं, माहेरच्या आडनावासकट, आणि पाठवून दिलं.

त्याच आठवड्यात जेवणाच्या टेबलावरून हाक आली. "अहो, जरा इकडे या."

त्या सुरातच इंजेक्शनची सुई होती. घड्याळजी गेले.

"एकजण म्हणतो, ही मुलगी कोण ते माहीत नाही. तुमचा टिकटिक म्हणतो, ही मी. अहो, हिचं निम्मं तोंड हाताखाली गेलंय! कुणीतरी धपकन पडलं आणि मी हसले, एवढं आठवतंय. पण मलासुद्धा मी ओळखू आले नाही. तुम्ही कशी ओळखलीत?"

घड्याळजींनी पंख्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. मग खालमानेने म्हणाले, "मी पाण्यातून बघत होतो."

"म्हणजे हा..."

"कारंज्याच्या कठड्यावरून चालत होतो, तुझ्याकडे बघता बघता कठडा संपला. पुढे आपलं लग्न ठरलं तेव्हा मी तुला लगेच ओळखलं. तू नाही ओळखलंस. म्हटलं, बरंच झालं."

"आणि पाहुण्यांचं घड्याळ?"

"बंद पडलं ते माझं."

नर्सबाईंचा हात तोंडावर गेला. त्या हसून हसून वाकल्या, खुर्चीवरून पडायच्याच बाकी राहिल्या. घड्याळजी बघतच राहिले. तेच हसणं, आणि या खेपेला अंग कोरडं! त्यांना लाज वाटली आणि फार बरंही वाटलं.

"तेवढं अज्ञातच राहू दे गं," ते अजिजीने म्हणाले. "सगळे वाचतील. जावई वाचतील."

"मला नावानिशी लिहिता, आणि माझा नवरा अज्ञात? जमणार नाही."

नर्सबाईंनी डोळे पुसले, चष्मा लावला आणि निकाल लिहायला घेतला. दुरुस्तीचं वाक्य खोडलं. नवऱ्याचं नाव घातलं, धंदा घातला. 'काय करताना' या चौकटीपाशी मात्र क्षणभर थांबल्या. मग एकेक अक्षर सावकाश टाइप केलं: 'होणाऱ्या बायकोकडे बघताना.'