टिकाऊ गहू

एकाहत्तरची लढाई संपली आणि आमच्या घरातली सुरू झाली. लढाईच्या दिवसांत आमचे हे नागपुरातल्या आमच्या नंदनवन वस्तीतले ब्लॅकआउटचे वॉर्डन होते. गळ्यात शिटी, हातात काळा कागद लावलेली बॅटरी. कोणाच्या खिडकीतून जरा उजेड दिसला की हे त्याच्या दारात हजर. शत्रूच्या विमानाला नागपुरापर्यंत यायचं तर वाटेत दोनदा पेट्रोल भरावं लागलं असतं, पण हे यांना सांगणार कोण? सगळी वस्ती 'चंद्रभानजी, चंद्रभानजी' करत होती. मग लढाई आटोपली, शिटी परत जमा करावी लागली आणि हे पुन्हा सीताबर्डीच्या कचेरीतले साधे हेडक्लार्क झाले. ते काही यांना सोसलं नाही.

"खरं संकट पुढेच आहे," हे जेवता जेवता सांगू लागले. "घासलेट भेटणार नाही, धान्य भेटणार नाही. तयारी पाहिजे."

तयारीची सुरुवात डालड्याच्या रिकाम्या डब्यांपासून झाली. डब्याला खाली एक भोक पाडायचं, मधोमध बाटली उभी धरायची, भोवती आरा मशीनवरचा लाकडाचा भुसा ठासून भरायचा आणि बाटली हळूच उपसून घ्यायची. झाली भुशाची सिगडी. पेटली की छान जळते, हे मी नाकारत नाही. पण पेटेपर्यंत अख्खं घर खोकतं आणि एकदा पेटली की विझता विझत नाही. यांनी अंगण भरून सिगड्या केल्या. संक्रांतीला मी हळदीकुंकवाला वाण म्हणून स्टीलच्या वाट्या ठरवल्या होत्या, तर यांनी मला सिगड्या लुटायला लावल्या. नवी लुगडी नेसून आलेल्या बायका एका हातात तिळगूळ आणि दुसऱ्या हातात काळा डबा घेऊन घरी गेल्या. शेजारच्या शोभाताई दारातून वळून म्हणाल्या, "सुभद्राबाई, पुढच्या वर्षी काय, गोवऱ्या देता का?" मी हसले. दुसरं काय करणार?

उन्हाळ्यात माझ्या वडिलांनी शेतातला बन्सी गहू पाठवला. गहू कसला, सोनं होतं. मी चुलतबहिणीच्या लग्नाला माहेरी गेले आणि परत येऊन बघते तर घरातल्या दोन्ही पत्र्याच्या कोठ्या भरलेल्या, झाकणांना टिनवाल्याकडून डाख देऊन पक्क्या बंद केलेल्या.

"पोळ्या कशाच्या करू?" मी विचारलं.

"हा खाण्याचा गहू नाही," हे म्हणाले. "हा संकटाचा गहू आहे. पाच वर्षं टिकला पाहिजे."

त्या वर्षी पाऊस फिरकलाच नाही. कंट्रोलच्या दुकानात लाल मिलो, म्हणजे बाहेरदेशची जाडीभरडी ज्वारी, मिळू लागला, तोही रांगेत भांडून. त्याची भाकर थापता थापता फाटायची आणि गिळताना घशाला कळायची. घासलेटाची रांग वेगळी. मी दर आठवड्याला विचारत होते, "अहो, आता तरी कोठी उघडू का?"

"काहून? मिलो भेटून राहिला ना? मग हे संकट नाही."

विहिरी आटल्या, गुरं कवडीमोलानं गेली, आणि आमचे हे ओसरीवर बसून संकटाची वाट बघत होते.

पुढच्या चैत्रात यांची धाकटी बहीण आली. रंभाबाई कन्हान नदीच्या पलीकडे दिली आहे. तिचा नवरा दुष्काळी कामावर खडी फोडत होता. काखेत रिकामं पोतं घडी घालून आणलं होतं, आणि ते कोणाला दिसू नये म्हणून पदर पुन्हा पुन्हा सारखा करत होती. पाणी प्याली, इकडचं तिकडचं बोलली, मग मान खाली घालून म्हणाली, "भाऊ, घरात दाणा नाही. पोट्टे उपाशी झोपून राहिले. थोडे गहू द्या. पिकलं की आणून देतो."

यांनी घसा साफ केला आणि भाषण सुरू केलं. साठवण म्हणजे काय, शिस्त म्हणजे काय, आज याला दिलं उद्या त्याला दिलं तर देशाचं काय होईल. भाषण संपवून हे उठले आणि अंगणातून एक सिगडी आणून बहिणीच्या पुढ्यात ठेवली.

"हे घेऊन जाय. बिनखर्चाचा सैपाक होते याच्यावर."

रंभाबाईनं डब्याकडे बघितलं. "भाऊ, सरपण आहे माह्याजवळ. वर ठेवाले काही नाही."

मला इतकी लाज वाटली की कान तापले. मी आत गेले, उलथनं आणि वरवंटा घेतला आणि कोठीच्या झाकणावर घाव घातला.

"अवं, काय करून राहिली!" हे धावत आले. "डाख दिला आहे त्याले!"

"माझ्या बापाचा गहू आहे," मी म्हटलं आणि दुसरा घाव घातला.

झाकण उचकटलं आणि आम्ही तिघंही मागं सरलो. आतून जुन्या ट्रंकेचा वास आला. लोकरीच्या कपड्यांत घालतात त्या डांबराच्या गोळ्यांचा. गव्हात जिथं हात घालावा तिथं गोळ्यांची पुरचुंडी. सोबत राख, कडुनिंबाचा पाला, बोरिक पावडर, एरंडेल. ज्यानं जे सांगितलं ते सगळं या माणसानं घातलं होतं, आणि गोळ्या स्वतःच्या अकलेनं.

"स्वेटर दहा वर्षं टिकते, तर गहू काहून नाही टिकणार?" हे म्हणाले. मूठभर दाणे हातावर घेऊन उजेडात नेले आणि चेहरा फुलला. "पाय, एक सोंडा नाही! एक जाळी नाही!"

सोंडे यांच्यापेक्षा शहाणे होते.

रंभाबाईनं दाणे हुंगले. मग पोतं उलगडून माझ्यापुढं धरलं. "द्या वैनी. चारदा धुतो, उन्हात घालतो. जाते वास."

मी पोतं तिच्या हातून घेतलं, आमच्या डब्यातला सगळा मिलो त्यात ओतला. वर तुरीची डाळ, गुळाचा खडा, होतं नव्हतं ते घातलं. ती नको नको म्हणत होती आणि रडत होती. मीच तिला बसमध्ये बसवून आले.

परतले तेव्हा हे टिनवाल्याला निरोप धाडायच्या गोष्टी करत होते. मी कोठीतला गहू काढला, चारदा धुतला, आणि यांच्याच सिगडीवर घुगऱ्या शिजत घातल्या. ताट वाढलं.

"भाकर?" यांनी विचारलं.

"मिलो रंभाबाईंसोबत गेला. आता हेच आहे. दोन कोठ्या."

यांनी एक घास तोंडात घातला. चावता चावता जबडा थांबला, डोळ्यांत पाणी आलं. कसाबसा गिळून वर तांब्याभर पाणी प्यायले.

"सुभद्रा, हे खाल्लं नाही जाऊन राहिलं वं."

"तुमची बहीण खाणार होती," मी म्हटलं, आणि आणखी एक पळी वाढली.