रिबेका धुरात असताना

मित्रांनो, माझं मुखपृष्ठ केव्हाच गळून पडलं आहे. पाठीला खाकी कागद चिकटवला आहे आणि त्यावर चिकटपट्टीचे थर आहेत. त्यामुळे माझं खरं नाव आता कुणालाच सांगता येत नाही. सगळे मला 'रिबेकाची गोष्ट' म्हणतात. मी कादंबरी आहे. वयाने म्हातारी झाले, पण माझ्या पोटात अजूनही अशी धडधड आहे की मला हातात घेणाऱ्याचा चहा गार होतो.

माझा जन्म अहमदनगरच्या एका छापखान्यात झाला. तेव्हा शिशाचे खिळे जुळवून छापत असत. खिळे जुळवणारे काका पुढचा मजकूर कधी येतो म्हणून दाराकडे बघत बसत. लिहिणारी बाई एकेक प्रकरण पाठवायची आणि ते आलं की काका आधी उभ्या उभ्या वाचून काढायचे. मालक ओरडायचे, मग स्वतःच काकांच्या खांद्यावरून वाकून वाचायचे. माझी पानं अजून शिवलीही नव्हती, तेव्हाच मला वाचक मिळाले होते!

माझी गोष्ट तुम्हाला थोडक्यात सांगते. डोंगरातल्या एका मिशन दवाखान्यात रिबेका नावाची परिचारिका असते. एके दिवशी एक जखमी तरुण तिथे येतो. तो नाव सांगत नाही, गाव सांगत नाही. रिबेका त्याची सेवा करते आणि तिचा त्याच्यावर जीव जडतो. पण तो आल्यापासून दवाखान्यातली औषधं नाहीशी होऊ लागतात. संशय त्याच्यावर येतो आणि तो निघून जातो. चर्चचे म्हातारे पाळक सगळी मंडळी सोडून त्याला शोधायला डोंगरात जातात. इकडे औषधांच्या कोठीला आग लागते. रिबेका आत असते. ती दाराशी धावते, तर कुणीतरी बाहेरून कडी घातलेली!

केजच्या सुवार्ताबाई तेव्हा नुकत्या नर्स झाल्या होत्या. चर्चच्या पुस्तकांच्या टेबलावर त्यांनी मला उचललं आणि एका बैठकीत संपवलं. मग त्यांच्या मैत्रिणींनी नेलं, मैत्रिणींच्या बहिणींनी नेलं. एकीने माझ्यापायी तव्यावरची भाकरी करपवली. तिच्या पिठाच्या बोटाचा ठसा अजून माझ्या एका पानावर आहे. रिबेकासाठी किती जणी रडल्या, किती जणींनी तिच्याबरोबर हात जोडून डोळे मिटले! ते माझे सोन्याचे दिवस होते.

मग घरोघरी टीव्ही आले, पुढे हातोहाती मोबाईल आले. सुवार्ताबाईंचे केस पिकले, नोकरी संपली आणि मी कपाटात बायबल अभ्यासाच्या जुन्या अंकांखाली गेले. कसर लागली. दार उघडायचं ते फक्त डांबराच्या गोळ्या टाकायला. मित्रांनो, पुस्तकाला म्हातारपणाचं दुःख नसतं. त्याला दुःख असतं ते आपल्या पोटात गोष्ट आहे आणि ती ऐकायला कुणी नाही, याचं.

अशात सुवार्ताबाईंकडे धनश्री खोली घेऊन राहायला आली. नेकनूरजवळच्या मेंढपाळाच्या घरातली मुलगी, केजला नर्सिंग शिकणारी. एका रविवारी कपाट आवरायला बाईंना मदत करताना तिने मला उघडलं. कपाट तसंच राहिलं. बाई जेवायला हाका मारून थकल्या आणि शेवटी ताट तिथेच आणून ठेवलं. त्या दारात उभ्या राहून तिला वाचताना बघत होत्या आणि मी आनंदाने अंगभर थरथरत होते.

सुट्टीला धनश्री मला नेकनूरला घेऊन गेली. तिचे वडील सटवा मेंढरं राखत. घरात तिची आजी होती, भामाबाई. सगळा जन्म मेंढरांमागे गेलेला, आवाज खणखणीत, पण डोळ्यांत मोतीबिंदू. एक डोळा तर पार गेलाच होता. दुसरा अजून वाचेल, पण लवकर ऑपरेशन करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सटवाने किती विनवण्या केल्या, पण भामाबाई ऐकत नव्हती. शेजारच्या वस्तीवरची एक बाई ऑपरेशनला गेली आणि चाचपडत परत आली, हे तिच्या मनात रुतून बसलं होतं. उरलेला उजेड कुणाच्या हातात द्यायला ती तयार नव्हती.

धनश्री तिला संध्याकाळी मेंढरांच्या वाड्याच्या कुडाला टेकून बसवायची आणि मला वाचून दाखवायची. पहिल्या दिवशी म्हातारी म्हणाली की दुसऱ्या देवाच्या माणसांची गोष्ट, आपल्याला काय कळणार. दुसऱ्या दिवशी तिने मेंढरं लवकर कोंडून घ्यायला लावली. तिसऱ्या दिवशी सटवाही कोकरू मांडीवर घेऊन येऊन बसला.

पाळक डोंगरात जातात त्या प्रकरणात एक जागा आहे. हरवलेल्या एका मेंढरासाठी मेंढपाळ बाकीचा कळप सोडून जातो, तसा मी जातो आहे, असं ते सांगतात. माझे आजवरचे वाचक तिथे डोळे पुसत. भामाबाईने धनश्रीला थांबवलं.

"आन बाकीची मेंढरं कुनाच्या भरवशावर सोडली? लांडगं का एका बाजूनंच येत्यात?"

इतक्या वर्षांत मला असं कुणी विचारलंच नव्हतं! सटवा हसायला लागला. पण म्हातारी थोड्या वेळाने आपणच म्हणाली, "गेलते मी बी येकदा. कोकरू घळीत पडलं हुतं. जीव ऱ्हात न्हाई, जावंच लागतंय. वाच."

मग ते प्रकरण आलं. धूर, अंधार, बाहेरून कडी. भामाबाईने धनश्रीचं मनगट घट्ट धरलं होतं. रिबेका दारावर मुठी आपटते, तिला बाहेर कुणाची तरी पावलं ऐकू येतात, आणि तिथेच धनश्रीने मला मिटलं.

"पुढं?"

"पुढचं केजला, आजी. डोळ्याचं झालं की."

भामाबाई रागावली, पोरीला लबाड म्हणाली, सटवाला मध्ये घातलं. सटवाला वाचता येत होतं, पण त्याने मान खाली घालून कोकराच्या पाठीवर हात फिरवला. दोन दिवस म्हातारी कुणाशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने लुगड्याची घडी पिशवीत भरली आणि विचारलं, जीप कवा हाय?

मित्रांनो, एका गोष्टीच्या ओढीने ती बाई आपला डोळा डॉक्टरांच्या हाती द्यायला निघाली होती! माझी छाती अभिमानाने फुगली. आणि नेमका तेव्हाच घोटाळा झाला.

केजला उतरताना जीपमध्ये रेटारेटी होती. धनश्री एका हाताने आजीला आणि दुसऱ्या हाताने पिशवी सांभाळत होती. मी तिच्या काखेतून निसटले आणि सीटच्या फटीत पडले. मला हाक मारता येत नाही. जीप निघाली आणि मी तिच्याबरोबर निघाले.

दवाखान्यात काय झालं ते मला नंतर कळलं. आत जायची वेळ आली तेव्हा भामाबाईने हात पुढे केला. "दे, पोथी माज्या हातात दे. मंग जाते." धनश्रीने पिशवी उपसली. पुस्तक नव्हतं. तिला खोटं बोलता आलं असतं, दुसरी एखादी वही हातात देता आली असती. तिने खरं ते सांगितलं. भामाबाई उठली, व्हरांड्याच्या पायरीवर जाऊन बसली आणि म्हणाली, "ती पोरगी तितं धुरात, आन मी हितं डोळं मिटून पडू? न्हाई जायची मी."

डोळ्यांचे डॉक्टर बाहेरगावाहून महिन्यातून एकदाच येत आणि दुपारी परतत. त्यांची पुढची फेरी होईपर्यंत डोळा थांबेल की नाही, याची खात्री कुणीच देत नव्हतं. धनश्रीने सुवार्ताबाईंना फोन केला. पायांत चपला अडकवून बाई तडक जीपच्या थांब्यावर निघाल्या.

आणि मी कुठे होते? थांब्यावरच, जीपचालक अंगदच्या हातात! नेकनूरच्या सवाऱ्या भरेपर्यंत वेळ घालवायला त्याने मला चाळायला घेतलं होतं. मधूनच वाचायला लागला, मग मागे गेला, मग पुढे. एरवी जीप भरल्याशिवाय हलत नाही म्हणून लोक ओरडतात. त्या दिवशी जीप खच्चून भरली, मागच्या पायरीवरही दोघे लटकले, तरी ती हलेना.

"आता कावून थांबलास बे?" मागून एक जण म्हणाला.

"जरा दम धरा. हितं येक बाई धुरात आडकली हाय."

लोकांना वाटलं, खरंच कुठे आग लागली. मग अंगदने त्यांना सगळं सांगितलं आणि पुढचं मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पुढच्या सीटवर मांडीवर टोपलं घेऊन बसलेली मुक्ताबाई दर ओळीला विचारत होती की कडी घातली कुणी. कुणी म्हणे त्या परक्या पोराने, कुणी म्हणे मोठ्या नर्सने. मी इतक्या वर्षांत इतकी खूश कधीच झाले नव्हते! शेवटची थोडी पानं उरली होती, आणि खाकी पाठ ओळखून सुवार्ताबाई जीपपाशी येऊन उभ्या राहिल्या.

त्यांनी शांतपणे सांगितलं की पुस्तक माझं आहे, आणि ते नाही म्हणून एका म्हातारीचं डोळ्याचं ऑपरेशन अडलं आहे. अंगदने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. मग पानात बोट तसंच ठेवून मला मिटलं.

"बसा, बाई," मला त्यांच्या हाती देत तो म्हणाला.

जीप नेकनूरकडे न वळता दवाखान्याकडे सुटली. एकही सवारी उतरली नाही. मी सुवार्ताबाईंच्या मांडीवर उडत होते, बाजारातली माणसं बाजूला होत होती, मुक्ताबाई टोपल्यातली कोथिंबीर सावरत 'हाण लवकर' म्हणत होती. अशी दौड माझ्या पानांतसुद्धा नाही!

व्हरांड्याच्या पायरीवर भामाबाई बसली होती. धनश्रीने मला तिच्या मांडीवर ठेवलं. तिने माझी खडबडीत पाठ चाचपली, कोपरे चाचपले आणि मान डोलावली. मग अंगदला विचारलं, पुढचं वाचलंस का? त्याने सांगितलं की आजी, दाराशीच थांबलोय.

"मंग कुनी काय सांगू नका. मी आल्यावर समदी मिळून ऐकू."

तिने हात जोडले. "बिरोबा, मी आतून येस्तवर त्या पोरीला दम दे." आणि धनश्रीचा हात धरून ती आत गेली.

बाहेर लिंबाच्या झाडाखाली सुवार्ताबाईंनी मला छातीशी धरून डोळे मिटले. बाई येशूपाशी भामाबाईचा डोळा मागत होत्या. त्यांच्या छातीचे ठोके मला ऐकू येत होते. एकीने रिबेकासाठी आपल्या देवाला साकडं घातलं होतं, दुसरीने भामाबाईसाठी आपल्या देवाला. मी दोघींची होते.

संध्याकाळी भामाबाई डोळ्याला पट्टी बांधून खाटेवर बसली होती. अंगद शेवटची फेरी लवकर आटपून आला होता. मुक्ताबाईही आली होती. मेंढरं शेजाऱ्यांवर सोपवून आलेला सटवा दाराशी उकिडवा बसला होता. धनश्रीने वाचायला घेतलं. तो परका तरुण कौलं फोडून आत उतरतो, रिबेकाला बाहेर काढतो. तो त्या म्हाताऱ्या पाळकांचा घर सोडून गेलेला मुलगा असतो. बापाची माफी मागायला आलेला, पण तोंड दाखवायला लाजलेला. औषधं चोरून विकणारा आणि कडी घालणारा असतो दवाखान्याचा जुना, सगळ्यांच्या विश्वासातला कंपाउंडर. रिबेका शुद्धीवर येते तेव्हा कंपाउंडर तिच्या पायाशी रडत बसलेला असतो आणि ती त्याला क्षमा करते.

"मी आसते तर काठीनं हानला आसता," भामाबाई म्हणाली. थोड्या वेळाने तिने पट्टीखालून गालावर आलेलं पाणी पदराने टिपायला घेतलं. डोळ्याला हात लावू नको म्हणून धनश्रीने तो हात धरला, तेव्हा ती हळूच म्हणाली, "पर पोरीनं बरं केलं. मला जमलं नसतं. लगीन झालं ना तिचं आन त्या पोराचं?"

झालं, आजी, असं धनश्रीने सांगितलं. अंगदने मोठा श्वास सोडला.

आता मी कपाटात नसते. मुक्ताबाईच्या सुनेकडे असते, अंगदच्या जीपमध्ये असते, सुवार्ताबाईंकडे फक्त पाठ चिकटवून घ्यायला जाते. मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. आम्हा पुस्तकांची पानं दुमडू नका, थुंकी लावून उलटू नका. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आम्हाला जपायचं म्हणून कोंडून ठेवू नका. हातोहाती जाऊ द्या. फाटलो तर चिकटवा आणि पुन्हा पुढे द्या. आणि कडी कुणी घातली ते तुम्हाला कळलं आहे, पण दुसऱ्या कुणाला आधीच सांगू नका. त्यांना माझ्याकडे पाठवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी निघाली तो क्षण सांगायचा राहिलाच. भामाबाईने आधी धनश्रीचं तोंड न्याहाळलं, मग सटवाचं. मग उशाशी ठेवलेल्या मला दोन्ही हातांत घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, उलटसुलट करून पाहिलं.

"येवढुसंच हाय व्हय?" ती म्हणाली. "मला वाटलं, केवढं थोरलं आसंल."